पैलतीरावर काढलेली रात्र

गेल्या माघात मी एक रात्र गंगेच्या पलीकडे, रामनगरच्या अलीकडच्या वाळूवर ठोकलेल्या तंबूत काढली. तिच्याबद्दल मी प्रायश्चित्त घ्यावे, असे माझ्या घरच्या आणि गल्लीतल्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे आहे. मी ते घेतलेले नाही, आणि घेणारही नाही. आवाज चढवून बोलणे मला जमत नाही. मी संस्कृत शिकवतो, आणि वर्गात मागच्या बाकांवरून 'सर, जरा जोर से' अशी विनंती रोज येते. म्हणून ही गोष्ट लिहून ठेवतो आहे.

आमचे घर दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत आहे. पूर्वज वेदपठणासाठी काशीत आले आणि इथेच राहिले. आमच्यासारख्या घरांत क्षेत्रसंन्यासाची एक जुनी रीत आहे: उतारवयात माणूस संकल्प सोडतो की यापुढे काशीची हद्द ओलांडणार नाही. काशीत मरण आले तर मोक्ष मिळतो, ही त्यामागची श्रद्धा. नदी ओलांडून पलीकडे मरण आले, तर पुढचा जन्म गाढवाचा, असेही इथली लहान मुले देखील सांगतात. माझ्या वडिलांनी अखेरची वर्षे याच संकल्पात काढली. ते गेले तेव्हा मी पुण्यात होतो. मित्राच्या लग्नासाठी चार दिवस गेलो होतो. पाचवा दिवस केवळ गप्पा रंगल्या म्हणून राहिलो. त्या पाचव्या दिवशी पहाटे वडील गेले.

तेरावा झाल्यावर मी घाटावर उभा राहून संकल्प केला की यापुढे प्रत्येक सूर्यास्ताला मी काशीच्या हद्दीत असेन. नोकरी करणाऱ्या गृहस्थाला झेपावे म्हणून क्षेत्रसंन्यासाचे हे सौम्य रूप मला आमच्या गुरुजींनीच सुचवले होते. दिवसा कुठेही जावे, मावळतीपूर्वी परतावे. त्या वेळी माझे दुःख खरे होते, याविषयी मला आजही शंका नाही.

शंका आहे ती पुढच्या पंधरा वर्षांविषयी. नियमाचा उपयोग मला हळूहळू कळत गेला. बाहेरगावची परिषद टाळायची असली की नियम होता. बदली नको असली की नियम होता. नागपूरला सासूबाई अत्यवस्थ झाल्या तेव्हा पत्नीला मी गाडीत बसवून दिले आणि स्वतः स्थानकावरून परतलो. तिला तिच्या आईच्या दिवसकार्यात एकटीने उभे राहावे लागले. गल्लीत मात्र माझा मान वाढत होता. भाजीवालासुद्धा 'गुरुजी नेमाचे पक्के' म्हणून दोन लिंबे जास्त टाकायचा, आणि ती लिंबे मी घरी आणायचो.

या नियमाची किंमत सर्वांत उघडपणे मोजली ती माझ्या मुलीने. ती शाळेच्या स्काऊट-गाइड पथकात आहे. दर वर्षी माघात हे पथक पैलतीरावर एका रात्रीचे शिबिर भरवते. प्रत्येक मुलाबरोबर आई किंवा वडील असतात, दोघांनी मिळून एक तंबू उभारायचा आणि त्यात रात्र काढायची. पालक निघून गेला तर मुलालाही जावे लागते. या शिबिराशिवाय 'सोपान' म्हणजे त्यांच्या परीक्षेची पुढची पायरी मिळत नाही. मागच्या वर्षी पत्नी जाणार होती, पण ऐनवेळी तिला ताप भरला, म्हणून मी गेलो. चार वाजता मी मुलीला हाताला धरून नावेत बसवले. शेकोटी पेटवण्याचे काम त्या दिवशी तिच्याकडे होते. लाकडे तिनेच रचली होती, ती दुसऱ्या कोणीतरी पेटवली. नावेत ती रडली नाही. माझ्याकडे पाठ करून बसली आणि पाण्यात हात घालून राहिली. तिच्या रोजनिशीत शिक्षकांनी हिंदीत एक ओळ लिहिली: 'सूर्यास्त से पूर्व प्रस्थान'.

यंदाचा अर्ज तिने स्वतःच भरला आणि पालकाच्या रकान्यात माझे नाव लिहिले.

मी म्हणालो, "अगं, आई येऊ शकते ना या वेळी."

"येऊ शकते," मुलगी म्हणाली. "पण मी तुमचं नाव लिहिलंय. पेननं लिहिलंय, मिटणार नाही."

पत्नी ओट्यापाशी उभी होती. ती वळून न पाहताच म्हणाली, "अहो, मला बँकेत वर्षअखेरीचं काम आहे. या वेळी तुम्हीच जा." वर्षअखेरीला अजून दोन महिने अवकाश होता, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होते.

इथे माझ्या हातून जे घडले ते मी लपवणार नाही. मुलीला मी म्हणालो, "येतो." आणि घरात माझी विधवा थोरली बहीण, अक्का, राहते. नेमधर्माची व्यवस्था तिच्याकडे असते. तिने विचारले तेव्हा म्हणालो, "संध्याकाळी परततो." दोन्ही वाक्ये मी सारख्याच हळू आणि सौम्य आवाजात उच्चारली. मृदू बोलणाऱ्या माणसाचे एक असते, त्याचे खोटेही विनय वाटते.

निघताना अक्काने दशम्यांचा डबा हातात दिला. "पलीकडे रात्र काढू नकोस रे बाबा. काही बरंवाईट झालं तर पुढच्या जन्मी धोब्याची गाठोडी वाहत येशील याच घाटावर, आणि मी ओळखायचीसुद्धा नाही तुला."

"आत्या, मी ओळखीन," मुलगी बूट बांधत म्हणाली. "बाबा कान हलवतात ना, तसेच हलवेल तो."

मी कान हलवू शकतो, ही गोष्ट खरी आहे.

पैलतीरावर पोचल्यावर दुपारपर्यंत सर्व सुरळीत चालले. मुलीने तंबू उभा केला. मी फक्त तिने सांगितले तिथे धरून उभा होतो. "बाबा, ढील देऊ नका, ताणून धरा," ती सांगायची. खुंटीला दोर बांधायची गाठ तिने मला तीनदा दाखवली, तिन्ही वेळा माझी सुटली. चौथ्यांदा तिने मला बाजूला सारले. मी डबा उघडला. आत चारच दशम्या होत्या, म्हणजे एका माणसाचे दुपारचे जेवण. अक्काने माझे परतणे पिठासकट मोजले होते. मुलीने डब्यात पाहिले आणि ती पुन्हा खुंट्या ठोकू लागली.

उन्हे कलू लागली तेव्हा किनाऱ्याला एक नाव लागली. अक्काने पाठवलेला आमच्या घाटावरचा नावाडी होता. त्याने हात उंचावून हाक दिली, "गुरुजी! सुरुज डूबत हौ. चलल जाय?"

मुलगी शेकोटीसाठी लाकडे रचत होती. या वर्षीही ते काम तिनेच मागून घेतले होते. ती उठून माझ्यासमोर आली. हातांना लाकडाचा भुसा लागलेला होता.

"ही नाव तुम्ही बोलावली?"

"नाही. आत्यानं पाठवली."

"पण तुम्ही आत्याला सांगितलं होतं, येतो म्हणून."

"हो."

"आणि मला पण सांगितलं, येतो म्हणून."

"हो."

बारा वर्षांच्या मुलीच्या डोळ्यांत मी राग शोधत होतो, म्हणजे त्याची समजूत घालता आली असती. तो नव्हता. "तुम्ही जा, बाबा," ती म्हणाली. "मी नाही येणार. सरांना मी सकाळीच विचारून ठेवलंय. मुलींच्या टोळीच्या तंबूत मॅडमजवळ झोपेन. सोपान नाही मिळणार, न मिळो. पण मी सूर्यास्ताच्या आधी नावेत नाही बसणार, आता कधीच नाही."

सकाळीच विचारून ठेवलंय. म्हणजे तंबू उभारताना, मला गाठ शिकवताना, तिला ठाऊक होते की मी जाणार. माझ्या 'येतो'वर तिने क्षणभरही विश्वास ठेवला नव्हता, तरीही अर्जात नाव माझेच लिहिले होते. वडिलांच्या शेजारी मी नव्हतो, या एका अपराधाची भरपाई म्हणून मी पंधरा वर्षे एक नियम पाळला. आणि तो नियम पाळता पाळता प्रत्येक वेळी कोणाच्या ना कोणाच्या शेजारी असायचे टाळत आलो. पत्नीच्या, सासूबाईंच्या, हिच्या. अपराध तोच होता. मी त्याला फक्त सोवळे नेसवले होते.

मी किनाऱ्यापर्यंत चालत गेलो. नावाड्याने मला आधार द्यायला हात पुढे केला.

"नहीं भैया," मी म्हणालो. "आज यहीं रहूँगा. घर पर दीदी को बता दीजिए."

"गुरुजी, मजाक करत हउवा?" त्याने सूर्याकडे बोट केले. "नेम टूट जाई."

"टूटने दीजिए."

"दीदी हमके खा जइहैं!"

"कहिए, मैंने कहा है." मग आवाज कमी पडला असे वाटून पुन्हा म्हणालो, "मैंने कहा है." या वेळी मागे लाकडे रचणाऱ्या मुलांनीही माना वर करून पाहिले. नावाड्याने कानाला हात लावला, इंजिन सुरू केले आणि नाव रिकामीच वळवली.

मी तिथेच उभा राहिलो. काशीच्या घाटांवर सूर्य समोरून उगवताना आम्ही रोज पाहतो. मावळतो तो आमच्या पाठीमागे, घरांच्या आणि गल्ल्यांच्या आड. पंचावन्न वर्षे मी या शहरात राहिलो आणि ते शहर मावळतीला कसे दिसते, हे मला माहीत नव्हते. त्या संध्याकाळी सूर्य काशीच्या मागे गेला. आधी घाट काळे झाले, मग शिखरे, आणि मग एकेक दिवा लागत गेला. आमचा घाट कोणता, हे मला दुरून ओळखता येईना. मुलगी शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने बोटाने दाखवला. मागच्या वर्षी नावेतून परतताना तिने तो नीट पाहून ठेवला होता.

संध्या मी तिथेच केली. भीती वाटली का, असे कोणी विचारले तर सांगतो, वाटली. छातीत जरा कळ आली असती तरी मला गाढव आठवले असते. पण तंबूत परतलो तेव्हा तिने माझ्या बाजूला तिचे जास्तीचे कांबळे घातले होते. रात्री तिच्या टोळीने गोवऱ्यांवर बाटी भाजली, वांग्याचा चोखा केला. कोणी भाजली, कोणत्या हातांनी मळली, हे मी विचारले नाही. बाटीला वाळू लागली होती. मी तीन खाल्ल्या. शेकोटी तिने पहिल्या काडीत पेटवली.

सकाळी जाग आली ती हसण्याने. तंबूच्या तोंडाशी धोब्याचे एक गाढव शांतपणे उभे होते आणि आमच्या दोराजवळचा पाला चघळत होते. सगळी टोळी गोळा झाली होती.

"अंकल, आपसे मिलने कोई आया है!" एक जण म्हणाला.

"बाबा, नमस्कार करा," माझी मुलगी गंभीर चेहऱ्याने म्हणाली. "नातेवाईक असतील." आणि मग पोट धरून हसू लागली. मी कान हलवून दाखवले. शिक्षकही हसले, आणि हसतच त्यांनी तिच्या रोजनिशीवर सोपान पूर्ण झाल्याची सही केली. त्याखाली पालकाच्या उपस्थितीचा रकाना होता. मी सही केली. अक्षर थोडे वाकडे आले.

घरी अक्का उंबऱ्यातच उभी होती. रात्री ती जेवली नव्हती, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत होते, आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटले. मी तिची क्षमा मागितली, तिला खोटे सांगितल्याबद्दल. तिने ते ऐकून घेतलेही नाही.

"गुरुजींना मी विचारून आलेय," ती म्हणाली. "एक उपास कर, पंचगव्य घे, आणि संकल्प पुन्हा सोड. झालं गेलं गंगेला मिळालं."

"नाही अक्का."

"काय नाही?"

"प्रायश्चित्त घेणार नाही. आणि संकल्पही पुन्हा सोडणार नाही."

"अरे, मग पाप तसंच ठेवणार डोक्यावर?"

"ज्याला तू पाप म्हणतेस ते ठेवतो. दुसरी आहेत, ती आधी फेडायचीत."

"बाबांना काय वाटेल, याचा विचार केलास?"

केला होता, रात्रभर केला होता. बाबांना माझी गरज होती त्या पहाटे मी नव्हतो. त्यानंतर हजारो संध्याकाळी मी काशीत होतो आणि त्यांपैकी एकही त्यांच्या उपयोगाची नव्हती. हे मी अक्काला बोललो नाही. ते बोलण्याइतका धीट मी अजून झालेलो नाही. एवढेच म्हणालो, "त्यांना नातीचा तंबू आवडला असता." अक्का पदराला डोळे पुसत आत गेली. त्या दिवसापासून ती माझे पान वेगळे मांडते. मी त्या पानावर बसतो, जेवतो, आणि 'आमटी चांगली झाली' म्हणतो. ती उत्तर देत नाही. चालेल.

गल्लीतले लोकही आता थोडे कमी वाकतात. जास्तीची लिंबे बंद झाली.

त्याच आठवड्यात पत्नीने तिच्या आईच्या वर्षश्राद्धासाठी नागपूरचे तिकीट काढायला घेतले. फोनवर प्रवाशांची संख्या विचारणारा रकाना उघडून ती थांबली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "किती?"

"तीन," मी म्हणालो.

पलीकडच्या खोलीतून मुलगी ओरडली, "बाबा, ऐकू नाही आलं, जोर से!"

मी मोठ्याने सांगितले.