बांधावरचा बुढा कोण होता

लग्न होऊन मी कुरखेड्याकडच्या गावात आले तेव्हा आमच्या शेताच्या बांधावर, मोहाच्या झाडाखाली, एक उभा दगड होता. घरचे त्याला बुढा म्हणत. धानाच्या रोवणीआधी मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्याच्यापुढे नारळ फोडत. शेजारची बोडी, म्हणजे आमच्या धानाला पाणी देणारं लहानसं तळं, त्यानेच बांधली असं सांगत. पण बुढा म्हणजे नेमका कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती. कोणती जमीन, कोणतं पाणी कोणाचं, याची नव्याने नोंद चालली होती. पटवारी आमच्या ओसरीवर येऊन बसले.

"बोडी कोणी बांधली?"

"बुढ्यानं," मामाजी म्हणाले.

"नाव?"

मामाजींना आपल्या आजोबांपर्यंतचीच नावं येत होती. पटवाऱ्यांनी 'वंशपरंपरागत' लिहिलं आणि पुढे गेले. काम काही अडलं नाही. पण मामाजी त्या दिवशी धड जेवले नाहीत.

"ज्याच्या पान्यावर जगून राह्यलो, त्याचं नाव मले मालूम नाई," ते सासूबाईंना म्हणाले. "काऊन नाई मालूम?"

जुने कागद चांद्याच्या, म्हणजे चंद्रपूरच्या, कचेरीत आहेत, पण मोडीत आहेत, असं पटवारी जाताजाता बोलले होते. आमच्या घरात मोडी एकट्या मलाच येत होती. माझे वडील ब्रह्मपुरीला मास्तर. त्यांनी हौसेने शिकवलेली. लग्न ठरताना हे कौतुकाने सांगितलं, तेव्हा मामाजींनी नुसती मान हलवली होती. आता त्यांनी मला हाक मारली.

"बाई, येतं का माह्यासंगं चांद्याले?"

सासऱ्यासोबत सून निघाली म्हणून शेजारणी पदराआड हसल्या. सासूबाईंनी तिकडे लक्षच दिलं नाही. तांदळाच्या भाकरी आणि जवसाची चटणी बांधून दिली. वडश्यापर्यंत बैलबंडी, पुढे छोट्या लायनीची आगगाडी. लग्नानंतर मी पहिल्यांदाच गाडीत बसत होते. मामाजींनी मला खिडकीची जागा दिली आणि स्वतः वाटभर दाराशी उभे राहिले. घरात आम्ही एकमेकांशी दोन शब्द बोललो नसू. नागभीड मागे पडलं तेव्हा त्यांनी विचारलं, "भूक लागली का?" आणि मग आमचं बोलणं सुरू झालं.

कचेरीतलं दप्तर एक वयस्क मुसलमान गृहस्थ सांभाळत. त्यांनी अर्ज घेतला, लाल फडक्यात बांधलेला बस्ता आणून दिला. मी धूळ झटकून वाचायला लागले, तर ते भलतंच गाव. आमच्या गावाच्या नावाचं दुसरं एक गाव गडचिरोलीकडे होतं. ते गृहस्थ स्वतःच वरमले आणि दुसरा बस्ता शोधून घेऊन आले.

शेतसाऱ्याच्या यादीत आमचं शेत सापडलं. त्यापुढे एका बाईचं नाव होतं. मला वाटलं, माझं वाचनच चुकतंय. मी काही बोलले नाही, त्याच काळातली खानेसुमारी मागून घेतली. खानेसुमारी म्हणजे घराघरातली माणसं मोजून लिहिलेली यादी. तिथेही तेच नाव. मग मात्र मी मामाजींना जवळ बोलावलं.

"मामाजी, तुमच्या आजोबाचं नाव हाये इथी. लहान पोरगा म्हणून लिवलं हाये."

"अन् त्याचा बाप?"

"बाप नाई. माय हाये, विधवा. सारा तेच भरत होती. अन् बोडी बांधणारी म्हणूनबी तिचंच नाव हाये."

मामाजींचा अपमान झाला की काय, या विचाराने मी खाली बघत राहिले.

"पुन्हा वाच," ते म्हणाले.

मी वाचलं. त्यांनी आणखी एकदा वाचायला लावलं. त्यांचे ओठ हलत होते. ते नाव पाठ करत होते.

"मुबारक हो, भाऊ," दप्तरवाले म्हणाले. "दादी मिल गई." त्यांनी आमच्यासाठी चहा मागवला.

कचेरीच्या पायऱ्या उतरताना मामाजी एकदम हसायला लागले. "इतके वर्स आमी तिले बुढा, बुढा म्हनून राह्यलो. अन् ते बिचारी मुकाट्यानं आयकून राह्यली!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत ते हसले. सासूबाईंसाठी त्यांनी बाजारातून बांगड्या घेतल्या. तशी त्यांची रीत नव्हती.

त्या वर्षीच्या रोवणीला आम्ही बाया हातात पऱ्ह्यांच्या, म्हणजे रोपांच्या, जुड्या घेऊन बोडीखालच्या धानाच्या बांधीत चिखलात उभ्या होतो. गोष्ट गावभर झाली होती. एकीने विचारलं, "एकट्या बाईनं इतकी माती कशी उपसली असन?"

"एकटी काऊन? गावच्या बाया आल्या असतीन," दुसरी म्हणाली.

"अन् पोरगं?"

"झोयीत टांगलं असन झाडाले."

"मंग रडलं असन तं?"

सासूबाई इतका वेळ ऐकत होत्या. आता त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "रडलं असन तं घेतलं असन कडेवर. तुमी काय करता? पऱ्हे सुकून राह्यले, चाला."

सगळ्या हसल्या. माझ्या हातातली जुडी मी मोकळी केली आणि त्यांच्या ओळीत वाकले.