साहेबाला फोन कोण करणार

मी तोंडाचा फटकळ आहे. हे मला माहीत आहे, माझ्या बायकोला माहीत आहे, आणि वर्धेपासून समुद्रपूरपर्यंत ज्या ज्या गावात मी शेतीचे वर्ग घेतले तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे. कुणी चुकीचं औषध मारलं की माझा पारा चढतो. "डोकं गहाण ठेवलं होतं का रे?" असं मी पार म्हाताऱ्या माणसालाही बोललोय. पण तोंडाने फटकळ असला तरी माणूस मनाचा साफ आहे, असं लोक मानतात, अशी माझी पक्की समजूत होती.

दिवाळीनंतर आमच्या प्रशिक्षण केंद्रात एक विद्यार्थिनी आली. शेती शिकवणारे लोक आपल्या नोकरीवर खूश आहेत का आणि शेतकऱ्याला वेळेवर सल्ला मिळतो का, यावर तिचा अभ्यास होता. तिने आम्हा सगळ्यांना छापील फॉर्म दिले. माझे सहकारी कुरकुरत भरू लागले. गाडी नाही, चार माणसांचं काम एकावर, दिवसभर मोबाइलवर फोटो चढवायचे तर शिकवायचं कधी? त्यांचं काही खोटं नव्हतं. मी मात्र सरळ 'पूर्ण समाधानी'वर खूण केली आणि वरून त्यांनाच ऐकवलं, "रडत बसाचं असन तं नोकरी कायले करता बे?"

समाधानी असायला माझ्याकडे कारण होतं. सिंदी रेल्वेच्या अलीकडे भाजीपाला पिकवणारं एक लहानसं गाव आहे. ते मी घडवलं असं मी चारचौघांत सांगायचो. बाकी गावांतून वेळीअवेळी फोन येतात, एकच प्रश्न दहा जण विचारतात. या गावातून आठवड्याला एकच फोन यायचा. दर वेळी कुणीतरी एकच माणूस, सगळ्या गावाचे प्रश्न लिहून आणलेले, धडाधड विचारणार, धडाधड ऐकणार, ठेवून देणार. याला म्हणतात शिस्त. मी त्या पोरीला म्हणालो, "चल, तुला माझं गाव दाखवतो."

तिथल्या एका बाईच्या वावरात तिला घेऊन गेलो. ही बाई माझी सगळ्यात हुशार शिष्या. नवरा सावंगीला दवाखान्यात कामाला जातो, वावर हीच पाहते. तिची वांगी सिंदीच्या बाजारात हातोहात जायची आणि घरचा आठवडा त्यावर चालायचा. याच पावसाळ्यात समुद्रपूरच्या सभेत मी तिच्या वांग्यांचं तोंडभर कौतुक केलं होतं.

पोरगी मला म्हणाली, "सर, तुम्ही जरा लांब बसा. तुमच्यासमोर त्या मोकळं बोलणार नाहीत."

मला हसू आलं. आमच्यात काय आडपडदा? पण गेलो आणि तुरीच्या ओळीपलीकडे बांधाच्या धुऱ्यावर जाऊन बसलो. तुरीची आडोशापुरती भिंत होती, आवाज सगळा ऐकू येत होता.

"काकू, सल्ला हवा असला की तुम्ही सरांना लगेच फोन करता का?"

"बारी आली का करतो."

"बारी म्हणजे?"

"बोलणे खाची बारी, पाळी." ती अगदी सहज म्हणाली. "साहेब भल्ले रागावते ना माय. रोज कोन खाईन? मंग गावानं ठरवलं, एका हप्त्यात एकानंच खाचे. सगळ्यांचं इचारून घ्याचं त्यानं."

मी हातातलं गवत तोडत होतो ते तसंच राहिलं. पोरगीने विचारलं, अशाने कधी अडचण नाही का आली?

"आली ना. यंदाच आली." बाईचा आवाज खाली गेला. "माह्या वांग्याचे शेंडे वाळून राह्यलते. त्या हप्त्यात ज्याची बारी होती, त्याले सोयाबीनच्या तनाचंबी इचाराचं होतं. साहेबानं दोन्हीचे औषधं एका दमात सांगतले. याले समजलं नाई कोनतं कायचं. पुना इचाराची हिंमत नाई झाली. त्यानं मले तनाचं सांगतलं आन् मी मारलं वांग्यावर. चार दिवसांत सारा प्लॉट जळला."

तणनाशक वांग्यावर. मला तो फोन आठवेना, हे त्याहून भयंकर होतं. असे किती फोन मी एका दमात उरकले असतील? मी उठलो. समुद्रपूरच्या सभेत मी माईकसमोर या बाईची वांगी वाखाणत होतो, तेव्हा इथे वांगं नव्हतंच. इथे जळक्या काड्या होत्या.

तुरी बाजूला सारून मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. तिने पदर सावरला, तोंड उतरलं तिचं.

"वैनी, मले काऊन नाई सांगतलं?"

"तुमाले वाईट वाटलं असतं साहेब."

"आन् तुमी? तुमी काय केलं मंग?"

"काय करतो? तन निंदाले गेलती दुसऱ्याच्या वावरात. दोन महिने." मग माझीच समजूत घालावी तशी म्हणाली, "तुमी रागावता, पन येता तं. दुसरं कोन येते इथं? तुमी नाराज झाले अन् यायचं बंद केलं, तं कोनाले इचाराचं आमी?"

मला शरम वाटली, इतकी की त्या विद्यार्थिनीकडे मान वर करून पाहवेना. गावानं माझा राग सांभाळून घेतला होता. घरातल्या तिरसट सासऱ्याला सुना सांभाळतात, तसा. आणि मी त्याला शिस्त म्हणत होतो.

मी हात जोडले. "वैनी, चूक माही. यापुढं बारीबिरी काई नाई. ज्याले वाटन त्यानं, वाटन तेव्हा फोन कराचा. मी रागावनार नाई. आता सांगा, काई इचाराचं हाये का?"

ती माझ्याकडे पाहत राहिली. खरं की खोटं, याचा अंदाज घेत असावी. मग हळूच म्हणाली, "हाये ना साहेब. पुना लावले मी वांगे. पन झाडं बराबर नाई दिसून राह्यले." ही तिची दुसरी लावण होती. तीही गेली तर या मोसमात परत निंदणाला नाहीतर दुसऱ्याच्या पऱ्हाटीतला कापूस वेचायला जायचं, हे तिने बोलून दाखवलं नाही.

ती आम्हाला विहिरीकडच्या तुकड्यात घेऊन गेली. गुडघ्याच्या खाली आलेली झाडं होती. तिने एक पान तोडून माझ्या हातात दिलं. पानाच्या कडा करपलेल्या होत्या. अशी पानं मी हजारदा पाहिली आहेत, आणि हजारदा एकच कारण निघालं आहे. माझ्या तोंडून गेलंच, "अवो, किती वेळा सांगतलं, खताचा मारा करत जाऊ नका म्हणून! ऐकाचंच नसन तं इचारता कायले?"

बोललो आणि माझं मलाच ऐकू आलं.

ती एक पाऊल मागे सरकली होती. "चुकलं साहेब," म्हणाली, आणि माझ्या हातातून पान परत घ्यायला हात पुढे केला.

विद्यार्थिनीने हळू आवाजात विचारलं, "काकू, खत कधी टाकलं होतं?"

बाईने माझ्याकडे पाहिलं नाही. तिलाच उत्तर दिलं.

"टाकलंच नाई अजून. कोनतं टाकाचं, थेच तं साहेबाले इचाराचं होतं."