निम्म्या भावाची गोळी

आमच्या गोरेगावात आमदारानं सिमेंटचा रस्ता केला अन् त्याच रस्त्यावर स्वस्त दवाईचं दुकान आणलं. दुकानातल्या ताईचं नाव मला आजून ठाऊक न्हाई. माह्यासारख्या अंगठाछापाला ती पाकिटावर पेनानं एक सूर्य काढून देती, म्हंजे सकाळी एक गोळी. बीपीची गोळी निम्म्या भावात मिळाली, तवा वाटलं ताकद बी निम्मीच असंल. मी दोन खाल्ल्या अन् दुकानाम्होरंच चक्कर येऊन पडलो.

ताई पाणी घेऊन पळत आली. मी तिला दोन गोळ्यांचा हिशोब सांगितला. “मामा, दोन काहून खाल्ल्या? भाव निम्मा झाला, गोळी न्हाई!”

“रस्ता गुळगुळीत हाय म्हून डोकं वाचलं, ताई.”

“डोकं असतं तर दोन खाल्ल्या असत्या का?”

आता दर महिन्याला ती सूर्य काढती अन् सगळ्या लायनीदेखत इचारती, “मामा, आभाळात सूर्य किती?”

मी वरडतो, “एकच!” मंगच पाकीट हातात येतं.