बाकांवरची निळी टेप

कबूल करून टाकते. एका शनिवारी दुपारी मी एका डच खेड्यातल्या चर्चच्या बाकांवरून सुरक्षित अंतराच्या सगळ्या खुणा ओढून काढल्या. एक नाही, दोन नाही, सगळ्या. वर त्यांचा गोळा करून कचऱ्यात टाकला आणि हात झटकत आमच्या ह्यांना म्हणाले, "बघा, कसं लखलखीत झालं!"

तेव्हा मी एकाहत्तर वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायला अजून अवकाश होता.

तो कोरोनाचा पहिला उन्हाळा. आम्ही दोघं आमचा जुना कॅम्पर, म्हणजे चाकांवरचं घर, घेऊन निवृत्त मंडळींच्या एका गटाबरोबर हिंडत होतो. सगळे डच, सगळे पांढऱ्या केसांचे, प्रत्येकाची आपापली गाडी. एखाद्या गावातल्या चर्चला डागडुजी हवी असली की अंगणात गाड्या लावायच्या, तीन आठवडे फुकट राबायचं, मग पुढचं गाव. त्या वर्षी फक्त गाडीतच संडास असलेल्यांना बोलावलं होतं. कॉफी दहा वाजता, ज्याची त्याच्या थर्मासमधून. हत्यारं कोणी कोणाची वापरायची नाहीत.

मी नगरकडच्या मिशन कंपाउंडमध्ये वाढले. लहानपणी परदेशी मडमा जुन्या कपड्यांची खोकी घेऊन यायच्या आणि आम्ही पोरी ओळीत उभ्या राहून आभाराचं गीत म्हणायचो. तेव्हा मला वाटायचं, सेवा करणारे आणि सेवा घेणारे असे देवाने दोन साचेच वेगळे केलेत. काय बावळट होते! आता त्याच मडमांच्या देशात मी चर्चच्या खिडक्या घासत होते आणि कोणालाही गीत म्हणायला लावत नव्हते.

तर टेप. रंगकामाला निघताना गटाने मला एकच नियम शिकवला होता: चौकटीच्या कडेला लावलेली निळी टेप रंग ओला असतानाच ओढायची, वाळला तर टेपेबरोबर रंगाचा पापुद्रा निघतो. नवी विद्या, नवा उत्साह. टेप दिसली की ओढ. खिडक्या झाल्या, बाकांमागच्या फळ्या झाल्या, मग बाकांवरही निळे तुकडे दिसले. आळशी लोक, अर्धं काम टाकून गेले, असं पुटपुटत मी तेही साफ केले.

ते तुकडे कोस्टरने लावले होते. कोस्टर म्हणजे चर्चच्या किल्ल्या, घंटा आणि राग सांभाळणारा माणूस. दोन दिवस गुडघ्यांवर रांगून त्याने दीड-दीड मीटर मोजलं होतं. खुणेसाठी टेप मात्र आमच्याच खोक्यातली घेतली होती. चार महिने बंद असलेल्या त्या चर्चमधली पहिली उपासना दुसऱ्याच दिवशी दहा वाजता व्हायची होती.

तो दारात आला आणि त्याने बाक बघितले. मग म्हणाला, "मेव्राउ," म्हणजे डचमध्ये बाईसाहेब, "कुठली टेप काढायची हे ज्यांना कळत नाही त्यांनी घरी राहावं. तसंही सत्तरीच्या पुढच्यांनी सध्या घरीच राहावं. सोमवारी तुम्ही निघालात तर सगळ्यांना बरं."

"तुमचं वय काय?" मी विचारलं.

"अठ्ठ्याहत्तर. पण माझ्याकडे किल्ल्या आहेत."

तो सायकलवर बसून निघून गेला.

आमच्या ह्यांनी लगेच मुलाला फोन लावला. बायको अडचणीत आली की हा माणूस मुलाला फोन लावतो. मुलगा बुइटनव्हेल्डर्टला राहतो. तेव्हा स्वयंपाकघराच्या टेबलावर त्याचं ऑफिस होतं.

"आई, बरंच झालं! तू हाय रिस्क आहेस, तुला शुगर आहे. ग्रोसरी ऑनलाइन येते, आपण व्हिडिओ कॉल करतो, आणखी काय पाहिजे तुला?"

"काम," मी म्हटलं.

"अगं, या वयात कसलं काम!"

मागून नात डचमध्ये ओरडली, "ओमा, घरी ये, आम्ही खिडकीतून हात हलवू!"

मी फोन ठेवला. वसंतात मी लायडस्खेनडाम-फोरबर्गमधल्या त्या नर्सिंग होमसमोर जाऊन आले होते, जिथे मी सत्तावीस वर्षं नोकरी केली. माझी जुनी सहकारीण आता तिथेच राहायला होती. आत सोडत नव्हते. ती काचेआड खुर्चीत, मी बाहेर फुलांच्या वाफ्यात. तिला जेवण वेळेवर, औषध वेळेवर. तिचा हात हलत होता, चेहरा नाही. जिने मला पहिल्या दिवशी चादरीचा कोपरा कसा दुमडायचा ते शिकवलं, तिला आता कोणी उशीचा अभ्रासुद्धा बदलायला सांगत नव्हतं. सोमवारी मी घरी गेले की बसायला माझ्यासाठी तसलीच एक खुर्ची मुलाने मनात मांडून ठेवली होती. प्रेमानेच, पण खुर्चीच.

"अहो, मोजपट्टी काढा," मी ह्यांना म्हटलं.

ह्यांनी पेटी उघडली. सगळं आयुष्य आइंडहोव्हनला संगणकाच्या चिप्स बनवणाऱ्या यंत्रांवर गेलेलं. पेटीत केसाची जाडी मोजायची तीन हत्यारं निघाली. साधी मोजपट्टी घरी राहिली होती. गटातले बाकीचे तलावावर गेलेले, त्यांच्या पेट्या कुलपात.

"आता?" हे म्हणाले.

मी पर्समधून पासपोर्ट काढला. डच पासपोर्टवर उंची छापलेली असते. माझ्या नावापुढे सरकारने स्वच्छ लिहिलंय: १.५० मीटर. लग्नाच्या बाजारात याच उंचीपायी मी टाचेचे बूट घालून दोनदा पडले होते. ती तेव्हाची मी आज समोर आले तर तिला सांगेन, मूर्खे, जप ती उंची!

मी बाकावर आडवी झाले. "डोक्यापाशी एक लावा, टाचेपाशी एक."

"अगं, पासपोर्ट सहा वर्षांपूर्वीचा आहे. तू आता आखडली असशील."

"मी आखडत नाही. लावा!"

मग पुढे सरकायचं, डोकं खुणेला टेकवायचं, ताठ व्हायचं. एक बाक सोडून एक. पाठीचे मणके मोजून झाले, ह्यांचे गुडघे वाजायला लागले. सातव्या बाकावर मी हात छातीवर घेऊन पडलेली असताना दार उघडलं आणि कोस्टर किंचाळला, "देवा! पडल्या का त्या?"

"नाही, मोजतेय," मी पडल्या पडल्या म्हटलं. "आणि सोमवारी मी जाणार नाही. तुम्हाला मला घालवायचंच असेल तर उचलून न्यावं लागेल, आणि त्यासाठी दीड मीटरच्या आत यावं लागेल."

तो आम्ही शेवटचा बाक संपवेपर्यंत मागे उभा राहिला.

रविवारी माणसं आली, खुणा बघून बसली. गाणं म्हणायला बंदी होती, म्हणून ऑर्गन एकटाच वाजला. एक म्हातारी नुसतेच ओठ हलवत होती. मी मागच्या भिंतीशी उभी होते. बसावंसं वाटलं नाही, खरं तर पाठ वाकत नव्हती.

उपासनेनंतर कोस्टर आमच्या कॅम्परपाशी आला. अंतर राखून थांबला. टोपी हातात फिरवत म्हणाला:

"मी पहाटे येऊन सगळं पुन्हा मोजलं. प्रत्येक खूण दीड मीटरला तीन सेंटिमीटर कमी पडते. त्याने कोणी मरत नाही. उद्या आठ वाजता दक्षिणेकडच्या खिडक्यांना दुसरा हात द्यायचा आहे, आणि आठ म्हणजे आठ, मेव्राउ, मी दार दोनदा उघडत नाही."