बादलीपाशी अडकलेली गोष्ट

मला गोष्ट सांगताना हसू येतं. संपल्यावर नाही, निम्म्यावर; आणि गोष्ट जितकी चांगली तितकं लवकर. अमरावतीला माहेरी यावरून मी फार बोलणी खाल्ली. बाबा वकील. जेवताना ते कोर्टातला एखादा किस्सा सांगायचे, आम्हाला ठसका लागेपर्यंत हसू यायचं, आणि ते मात्र शांतपणे भात कालवत असायचे. "आपल्याच विनोदावर आपण हसणं म्हणजे न्यायाधीशाच्या आधी वकिलानंच निकाल वाचून दाखवणं," असं ते म्हणत.

लग्न होऊन अकोल्याला आले तर इथे उलटा कारभार. माझे सासरे, मामाजी, शेतकरी माणूस. ते किस्सा सुरू करायच्या आधीच हसायला लागत. सासूबाई म्हणत, "आधी हासून घ्या, मंग सांगा." मला वाटलं, चला, आपल्या जातीचं कुणीतरी भेटलं.

यंदा गणपतीत आमच्या कॉलनीनं वऱ्हाडी किस्से सांगायची स्पर्धा ठेवली. मी त्याच दिवशी नाव दिलं. कोणता किस्सा सांगायचा तेही ठरलेलंच होतं. फक्त मामाजींची परवानगी हवी होती, कारण किस्सा त्यांचाच होता.

"सांग नं," ते म्हणाले. "मले कायची लाज? पन तू हासशीन."

"नाही हसणार."

"पाहू."

आठवडाभर मी कणीक मळताना, कपडे वाळत घालताना किस्सा घोकत होते. बाबांना फोन केला तेव्हा त्यांनी उपाय सांगितला, "दाढेखाली लवंग धर. हसू आलं की चाव." आणि स्पर्धेच्या दिवशी, रविवारी, दुपारच्या एसटीनं ते स्वतःच येऊन हजर झाले. मांडवात पहिल्या रांगेत एका खुर्चीवर बाबा, शेजारच्या खुर्चीवर मामाजी. माझं नाव पुकारलं तेव्हा मी लवंग दाढेखाली सरकवली आणि पायऱ्या चढले.

सुरुवात झकास झाली. मामाजी आपल्या जुन्या मित्राच्या मुलीच्या लग्नाला निघाले. मंगल कार्यालयात शेजारी शेजारी दोन हॉल, दोन्हीकडे लग्न. मामाजी शिरले चुकीच्या हॉलमध्ये. कुणी ओळख देईना. त्यांना वाटलं, आपण उशिरा आलो म्हणून मंडळी रागावली. मग राग घालवायला त्यांनी बाह्या वर केल्या आणि कामाला लागले. आचाऱ्याला भाजीत मीठ कमी आहे म्हणून झापलं. वरपक्षाला वाटलं हे वधूकडचे, वधूपक्षाला वाटलं हे वराकडचे. कोण बोलणार?

लोक हसत होते. बाबांनी हळूच मान डोलावली. मी लवंग चावून धरली होती आणि मनात म्हणत होते, जमतंय, जमतंय.

"आणि मी इकडे खऱ्या लग्नात त्यांना शोधतेय," मी म्हणाले, "तर दोन हॉलच्या मधल्या दारातून मला काय दिसावं? मामाजी, खांद्यावरचा दुपट्टा कमरेला बांधलेला, हातात मठ्ठ्याची बादली..."

इथे माझी नजर पहिल्या रांगेत गेली. मामाजींनी दुपट्ट्याचं टोक तोंडात कोंबलं होतं आणि त्यांचे खांदे गदगदत होते.

झालं. लवंग कुठे गेली कोण जाणे. "मठ्ठ्याची बादली," मी पुन्हा म्हणाले आणि पुन्हा फुटले. तिसऱ्यांदा नुसतं "मठ्ठ्या" झालं. खाली लोकही हसायला लागले. काय झालंय ते कुणालाच माहीत नव्हतं, तरी मागच्या रांगेतल्या एक आजी पदरानं डोळे पुसत होत्या. तेवढ्यात घंटा वाजली.

परीक्षक निवृत्त मुख्याध्यापक होते. "ताई, वेळ संपली," ते म्हणाले.

"सर, राहू द्या नं," मागून कुणीतरी ओरडलं. "पुढं काय झालं ते त सांगू द्या तिले."

"नियम म्हणजे नियम."

नंबर अर्थातच आला नाही. बाबांना संध्याकाळची गाडी गाठायची होती. स्टँडवर जाताना ऑटोत ते म्हणाले, "किस्सा पहिल्या नंबरचा होता. तू हसली नसतीस तर बक्षीस आपलं होतं."

"बाबा, मी माझ्या विनोदावर नव्हते हसत. मला मामाजी दिसत होते. जसे त्या दिवशी दिसले तसे."

"तुला दिसले. लोकांना कुठे दिसले? साक्षीदार रडला म्हणून खटला जिंकता येत नाही."

गाडी सुटली, मी परत आले, आणि फाटकाशीच थबकले. आमच्या अंगणात कॉलनी लोटली होती. लोकांनी मांडवातल्या खुर्च्या उचलून आणल्या होत्या. त्या मागच्या रांगेतल्या आजी ओट्यावर मांडी घालून बसल्या होत्या. सासूबाई चहा गाळत म्हणाल्या, "मले विचारू विचारू हैरान केलं यायनं. सांग एकदाची."

मी चप्पल काढायच्या आधीच सुरू केलं. बादलीपाशी पोचले आणि अर्थातच अडकले. मग मामाजी उठले. "आता मी सांगतो," म्हणाले आणि तेही पोट धरून खाली बसले. कुणाला घाई नव्हती. आमच्याबरोबर सगळं अंगण हसत होतं आणि वाट पाहत होतं. शेवटी आम्ही दोघांनी मिळून गोष्ट पुढे ढकलली. मी दारातून हाका मारल्या, पण वाढण्याच्या गडबडीत त्यांना ऐकूच आल्या नाहीत. नवरीची पाठवणी निघाली. मामाजींना रडू आवरेना. एक माणूस जवळ आला, त्यांच्या पाठीवर हात फिरवत म्हणाला, "भाऊ, उगी राहा. तुमी कोनाकडचे?"

मामाजी हुंदके देत म्हणाले, "मी पोरीच्या बापाचा लहानपनचा दोस्त."

तो माणूस म्हणाला, "पोरीचा बाप त मीच हाय."

काय सांगू तो आवाज. समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. आजी म्हणाल्या, "पुन्हा सांग वं, पाठवनीपासून." मी पुन्हा सांगितलं, त्याच जागी पुन्हा हसले, आणि कुणाचंही काही बिघडलं नाही.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. गाडीच्या आवाजात ते मोठ्यानं बोलत होते. "मूर्तिजापूर मागे पडलं. बरं, ते मठ्ठ्याच्या पुढे काय झालं?"

"तुम्हाला कधी सांगितलंच नाही का मी?"

"तू दरवेळी बादलीपर्यंतच येतेस. आणि इथे शेजारच्या बाईंना मी तेवढं सांगून बसलोय. त्या माझं डोकं खात आहेत. स्पीकर लावतो. नीट सांग, न हसता."

मी ओट्याच्या पायरीवर बसले आणि सांगू लागले. पाठवणी येईपर्यंत निभावलं. मग आवाज फुटला, आणि मी हसले तशी पलीकडे ती अनोळखी बाईही खळखळून हसली.

"थांबा हो," बाबा तिला म्हणत होते, "हसायची जागा अजून यायचीय."