मार्क टूचे तोंड

विवेक या शब्दाकडे आपण अलीकडे फार सौम्य नजरेने पाहतो. विवेकी माणूस म्हटले की हलक्या आवाजात बोलणारा, दोन्ही पक्षांचे ऐकून घेणारा आणि सरतेशेवटी कोणालाच न दुखावणारा असा कोणी सज्जन डोळ्यांपुढे येतो. शब्दाच्या मुळाशी मात्र ही मवाळी नाही. विच् म्हणजे वेगळे काढणे. धान्यातला खडा वेगळा काढायचा तर सूप आपटावे लागते, आणि त्याचा आवाज होतो. शिवाय ज्याला भेद दिसला त्याच्या वाट्याला आणखी एक काम येते. तो भेद कोणी सोयीसाठी पुसू लागला तर त्याच्या वाटेत उभे राहावे लागते. भेद दिसणारे पुष्कळ असतात. वाटेत उभे राहणारे मी थोडेच पाहिले. झुंबरबाई त्या थोड्यांपैकी होत्या, आणि त्यांचा आवाज मुळीच हलका नव्हता.

उद्यमनगरात, लेथ यंत्रांच्या अखंड घरघरीत, एका पत्र्याच्या शेडमध्ये त्या अँबेसिडर गाडीचे जुने सुटे भाग विकीत असत. माझ्या गाडीच्या दाराची मूठ निखळली म्हणून मी तेथे प्रथम गेलो आणि मग कारण नसतानाही जात राहिलो. खांद्यावरून घट्ट खोचलेला पदर, हातात पाना आणि समोर आलेल्या प्रत्येकाला एकच प्रश्न: "गाडी कुठं हाय, पावणं?" गाडी पाहिल्याशिवाय त्या साधा स्क्रूसुद्धा देत नसत.

या प्रश्नामागे शहराचा एक जुना इतिहास होता. अँबेसिडर दशकानुदशके रस्त्यावर राहिली. तिचा देह जवळजवळ तोच राहिला आणि मार्क टू, थ्री, फोर अशा एकामागून एक आलेल्या आवृत्त्यांत बदलत गेले ते मुख्यत्वे तोंड. मार्क टूची पुढची जाळी बारीक चौकटींची. मार्क थ्रीला आडव्या पट्ट्या आल्या, आणि तोवर जाळीच्या कडेच्या दिव्यांत सामावलेले वळणाचे दिवे निराळे होऊन पत्र्यावर आले. मार्क फोरला पुन्हा चौकटी आल्या, पण मोठ्या. आता लग्नसराईत वरपक्षाला नवरदेवासाठी नवी गाडी हवी असे, आणि भाड्याची गाडी चालवणाऱ्याला नवी गाडी घेणे परवडत नसे. मग तो नुसती जाळी बदलून घेई. पाहता पाहता स्टँडवरच्या सगळ्या गाड्या एकाच तोंडाच्या झाल्या. बाशिंग बांधलेला नवरदेव कोणत्या सालच्या गाडीतून उतरला हे व्याह्यांना कळू नये, एवढाच त्यामागचा हेतू.

हे तोंडे बदलण्याचे काम झुंबरबाईंचे यजमान पिराजी करीत. उतरवलेल्या जाळ्यांचा ढीग वाढला तेव्हा त्यांनी तो भट्टीत घालायला काढला. झुंबरबाई ढिगापुढे ठाण मांडून बसल्या. "गाडीचं तोंड हाय ते. आज नगं झालंय म्हणून वितळवता व्हय? उद्या तुमचं नगं झालं तर?" पिराजींना हसू आवरले नाही, आणि जाळ्या वाचल्या. पुढे पिराजी गेले. शेड आणि त्या जाळ्या बाईंकडे आल्या. त्यांनी टू, थ्री आणि फोर यांचे तीन खण केले आणि एका खणातली वस्तू दुसऱ्यात कधी पडू दिली नाही.

काळाने कूस पालटली. जुन्या गाडीला मान आला. ज्यांच्या वडिलांनी जुने तोंड उतरवून टाकले होते, तीच मुले ते शोधत शेडमध्ये येऊ लागली. खरी मार्क टू घेऊन येईल त्याला बाई मार्क टूची जाळी देत, इतरांना परत पाठवत. असे होता होता धड अवस्थेतली एकच जाळी शिल्लक राहिली.

तिच्यासाठी राधानगरीहून आकाराम आला. त्याची गाडी मार्क फोरच्या तोंडाची होती. बाई मागून पुढे चालत आल्या, आत डोकावल्या, पुढच्या पत्र्यावर बोटाच्या पेराने टकटक केली.

"आरं, टू हाय की ही. हे फोरचं तोंड कुणी चिकटवलं?"

"आमच्या आबानं. लग्नाचं भाडं मिळावं म्हणून. पर त्येला सवताला कधी रुचलं न्हाय बगा. गाडीम्होरं उभा ऱ्हायला की मान वळवायचा."

पुढचा पत्रा राधानगरीच्या पावसाने खाल्ला होता. जाळी बसवायला धड कड नव्हती. बाई म्हणाल्या, "आदी पत्रा नीट करून आण. जाळी तुझी." कागद नाही, विसार नाही. आकाराम गेला.

दुसऱ्या पंधरवड्यात उदयसिंह आले. त्या शेडखालची जमीन त्यांनी नुकतीच विकत घेतली होती. जुन्या गाड्यांचे ते मोठे शौकीन, आणि दसऱ्याला एका हौशी मंडळाची जुन्या गाड्यांची मिरवणूक निघायची होती.

"मावशी, ती मार्क टूची जाळी काढा."

"गाडी कुठं हाय?"

"ही काय, दारात."

बाईंनी दिव्यांशेजारी टकटक केले. आवाज बद्द आला. "हितं वळणाच्या दिव्याचं भोक हुतं. लांबीचं लुकण भरून बुजवलंय. थ्री हाय ही."

"थ्रीच हाय. मी कुठं न्हाय म्हणतोय?" उदयसिंह मोकळेपणाने हसले. गाड्यांतले त्यांना उत्तम कळत होते. "मिरवणुकीत टू म्हणून उभी करायची. लोकांस्नी काय कळतंय?"

"मला कळतंय की."

"तुमी बोलला न्हाय म्हंजे झालं."

"आवो, थ्रीनं तुमचं काय घोडं मारलंय? नीटस गाडी हाय. थ्री म्हणून मिरवा की."

"जितकी जुनी तितका मान, मावशी."

"मग दाढी पांढरी रंगवून जावा. लई मान मिळंल."

लेथवरची माणसे यंत्र थांबवून हसली. उदयसिंहांचे हसू मात्र मावळले. "ही जागा कुणाची हाय, ठावं हाय न्हवं?"

"जागा तुमची हाय. जाळी माझी हाय. आनि ती बी आता माझी न्हाय, राधानगरीच्या माणसाला दिलेली हाय."

"कुठं हाय तो माणूस?"

"यील."

"मग दसऱ्याच्या आत जागा खाली करा."

"करते की. त्यात काय!"

शेजारच्या लेथचे मालक भाऊसो बाईंना आक्का म्हणत. उदयसिंहांची गाडी वळताच ते धावत आले. "आक्का, एका जाळीपायी डोक्यावरचं छप्पर घालवता व्हय?"

"छप्पर गळतंयच की रं. उलट सुटले."

"थट्टा नगा करू. तो राधानगरीवाला यील का न्हाय कुणाला ठावं? आला न्हाय तर?"

"न्हाय आला तर जाळी खुंटीला ऱ्हाईल. पर थ्रीच्या तोंडाला जाणार न्हाय."

मी तेथे बसलो होतो. भाऊसोंचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. बाईंचे म्हणणे त्याच्या पलीकडचे होते. ज्या गोष्टीचा भेद जपण्यात एक आयुष्य गेले, ती गोष्ट आसऱ्याच्या मोबदल्यात देऊन टाकली तर मागे नुसते भंगार राहते, आणि भंगारासाठी आसरा कशाला हवा? हे त्यांनी अशा शब्दांत कधी सांगितले नसते. त्यांनी पदर खोचला आणि पहिला खण रिकामा करायला घेतला.

भाऊसोंनी बडबडत का होईना, आपला टेम्पो दिला. मंगळवार पेठेतल्या बाईंच्या घराच्या बोळात दारे, बॉनेटे आणि डिक्यांची झाकणे येऊन उभी राहिली. शेजारणीचा, विठाबाईंचा, पारा चढला. "दारात भंगार मांडलंय! पै-पावण्यांनी यायचं कुठनं?"

"थ्रीच्या बॉनेटला उजवीकडं टाकून या म्हणावं. सरळ दार लागतंय."

"आनि मला थ्री कुठलं ते कसं कळायचं?"

"इकडं या, शिकवते."

विठाबाई शिकल्या नाहीत, पण भांडण मात्र तेथेच मिटले. दसरा जवळ येत गेला. आकारामचा पत्ता नव्हता. रोज सकाळी बाई ती जाळी फडक्याने पुसून पुन्हा खुंटीला लावीत. भाऊसो येऊन नुसते मान हलवून जात.

खंडेनवमीला, अवजारांची पूजा चालू असताना, बोळाच्या तोंडाशी हॉर्न वाजला. आकाराम नवा पत्रा बसवून आला होता. उद्यमनगरातली शेड बंद पाहून तो भाऊसोंकडे गेला होता आणि सगळे ऐकून आला होता. तो खाली मान घालून उभा राहिला. "मावशी, माझ्यापायी तुमची जागा..."

"तुझ्यापायी न्हाय. गप ऱ्हा. तो स्क्रू धर."

बोळात मांडी घालून त्यांनी स्वतःच्या हाताने जाळी बसवली. उभ्या राहिल्या, चार पावले मागे गेल्या, मान तिरकी करून पाहिले. "उद्या मिरवणुकीत नेणार व्हय?"

"न्हाय मावशी. सकाळी दूध घालायचं हाय."

बाईंना इतके मनापासून हसताना मी त्यापूर्वी पाहिले नव्हते.

मिरवणूक निघाली. उद्यमनगराच्या गावात जाळी घडवून मिळणार नाही असे थोडेच आहे? उदयसिंहांनी ती हुबेहूब घडवून घेतली होती. त्यांच्या गाडीवर टाळ्यांचा पाऊस पडला. गर्दीच्या कडेला झुंबरबाई उभ्या होत्या. गाडी समोर येताच त्या ओरडल्या, "ही थ्री हाय! चांगली थ्री हाय!" ध्वनिक्षेपकाच्या गजरात ते चार माणसांनाच ऐकू गेले. त्यांतला एक म्हणाला, "आज्जी, सणासुदीचं कशाला? गप बसा की."

"तुमी वाजवा टाळ्या. तुमचं हात हायत. माझं तोंड हाय."

मिरवणुकीचा चषक उदयसिंहांनाच मिळाला. शेडच्या जागी आता गाड्या धुण्याचे केंद्र उभे आहे. बोळात गिऱ्हाईक फारसे फिरकले नाही, आणि पुढच्या थंडीत झुंबरबाई तापाच्या निमित्ताने गेल्या. त्यांच्या पुतण्याने टू, थ्री आणि फोर एकत्र करून सारा माल वजनावर दिला. त्याला त्यातला भेद माहीत नव्हता आणि सांगायला कोणी उरले नव्हते.

राधानगरीच्या रस्त्यावर एक अँबेसिडर दुधाचे कॅन घेऊन रोज जाते. ती मार्क टू आहे, आणि तिला मार्क टूचीच जाळी आहे.