माफीचे फोन

हिंजवडीच्या ऑफिसात माझ्या शेजारी बसणारे गृहस्थ फार कमी बोलत. मात्र कोणी प्रोग्राम डेटाबेसला जोडायला घेतला, की म्हणत, “आधी डेटाबेसचं नाव मोठ्यानं वाचा. वाचता येतं ना आपल्याला?”

एकदा मी न वाचताच चाचणीचा प्रोग्राम एका रुग्णालयाच्या खऱ्या डेटाबेसला जोडला. ‘तपासणीला या’ असे मेसेज वारलेल्या रुग्णांच्या घरीही गेले.

ते मला एका शब्दानं बोलले नाहीत. यादी काढून स्वतःच एकेका घरी फोन लावत राहिले. “अहो, चूक आमची आहे. माफ करा.”

एका बाईंचा आवाज मलाही ऐकू आला. “म्हणजे ह्यांचं नाव अजून तुमच्याकडे आहे?”

त्यांनी यादीतल्या त्या नावावर बोट ठेवलं. “आहे,” म्हणाले, फोन ठेवला आणि पुढचा नंबर माझ्यापुढे सरकवला.